आमची वाटचाल : वजनकाट्याकडून ओलावामापकाकडे

सुरुवातीला आमचीही जळाऊ लाकडाची वखार चारचौघांसारखीच होती. ओंडके काट्यावर चढवायचे आणि किलोवर विकायचे. या पद्धतीत खोट एकच, पण मोठी : लाकूड जितकं ओलं तितकी विकणाऱ्याची चांदी. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीही असू शकतं. असा दहा किलोचा ओंडका घेतला की पाच किलो पाण्याचे पैसे मोजले. शिवाय धुराडं असलेल्या बंद शेगडीत ते पाणी उकळून घालवण्यात उरलेल्या लाकडाच्या उष्णतेचा साधारण सातवा भाग जातो. खरं नुकसान त्याहून पुढचं. आग थंड राहते, लाकडातून निघणारा वायू पुरता जळत नाही आणि धुराड्यात त्याचा डांबरासारखा चिकट थर धरतो. धुराड्याला आग लागते ती या थरामुळे.

म्हणून काटा काढला आणि घनमीटरवर आलो. तिथेही गोम आहेच. गाडीत मोकळं ओतलेलं दीड घनमीटर जळण नीट रचलं की जेमतेम एक घनमीटर भरतं. तेव्हापासून पावतीवर ‘रचलेलं’ की ‘ओतलेलं’ हे लिहिल्याशिवाय गाडी सुटत नाही.

पुढचा बदल लाकूड फोडण्यात झाला. आधी ओंडके अख्खेच वाळत टाकायचो. साल पाणी सोडत नाही, ते निघतं मुख्यतः दोन टोकांनी. मग वर्षानंतरही गाभा ओलाच. आता माल उतरला की 25 ते 33 सेंटीमीटरचे तुकडे करतो आणि लगेच 8 ते 12 सेंटीमीटर जाडीचे फोडतो. ओलं असताना फोडणंही सोपं. वाळलेल्या गाठाळ ओंडक्यात पाचर अडकून बसते. लांबी शेगडीच्या आतल्या मापापेक्षा पाचेक सेंटीमीटर कमी हवी. गिऱ्हाइकाने शेगडीचं माप न घेता मागणी दिली की लाकूड शेगडीच्या दाराबाहेर राहतं आणि भांडण आमच्याशी.

जातीचं म्हणाल तर सारखं वाळलेलं कुठलंही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं. बाभूळ किंवा ओक घट्ट, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं आणि निखारा रात्रभर टिकतो. पाइन भराभर जळतं, पण पेटवायला त्याच्यासारखं नाही. त्याच्या राळेने धुराडं चोंदतं असं सर्रास सांगतात. चोंदतं ते ओलाव्याने. पाइन चांगल्या उन्हाळ्यात वाळतं, ओकला दोन वर्षं लागतात. रंगवलेलं, रसायन मुरवलेलं लाकूड, प्लायवूड आणि कण्हेर आम्ही घेतच नाही. त्यांचा धूर विषारी.

थप्पीत सगळ्यात जास्त चुका होतात. जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर उंचीवर फळ्या टाकायच्या, भिंतीपासून वीतभर जागा सोडायची, टोकांना लाकडं आडवी-उभी रचून खांब करायचे. छप्पर फक्त वरून. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढली की आत वाफ कोंडते आणि आठवड्याभरात बुरशीचा वास येतो. उन्हापेक्षा वारा महत्त्वाचा. ओलं लाकूड घरात रचू नये. आत दोन-चार दिवसांचंच, तेही वाळलेलं, आणि शेगडीपासून लांब ठेवावं.

वाळलं का, हे आम्ही आधी आवाजावर ठरवायचो. दोन लाकडं आपटली की ठण् वाजलं तर वाळलं, थप्प वाजलं तर नाही. टोकाच्या भेगांवर मात्र विसंबू नये. त्या वरवर वाळल्यानेही पडतात. आता दोन सुयांचा ओलावामापक वापरतो. तो लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवतो. थंडीत बाहेर पडलेलं लाकूड आकडा कमी दाखवतं, म्हणून ते आधी घरात कोमट होऊ द्यायचं, मग मधोमध फोडायचं आणि ताज्या पृष्ठभागावर, लाकडाच्या धाग्यांच्या रेषांना समांतर सुया टोचायच्या. सालीवर किंवा टोकाला टोचलं तर आकडा फसवा येतो. तीसच्या वरचा आकडा भरवशाचा नसतो, पण तिथे ‘ओलं’ एवढं कळलं तरी पुरतं. मापक नसेल तर एका लाकडावर खडूने खूण करून दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की त्या जागी ते जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

हल्ली प्रत्येक गाडीतलं गिऱ्हाइकाने निवडलेलं एक लाकूड त्यांच्यासमोरच फोडतो. मापक वीसच्या खाली आला तरच माल उतरतो, नाहीतर गाडी माघारी.