ताडपत्री, गुलाल आणि आंबिल ओढा

गेले दोन महिने दर शनिवारी सकाळी पुण्यात सहकारनगरच्या बाजूला एका शाळेत सहावीच्या पोरांना नदी शिकवायला जातेय. शिकवते कसली म्हणा! पहिल्या दिवशी लॅपटॉप, स्लाइड्स, 'नदी आपली माता' असं सगळं घेऊन गेले आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावर फुल्ली-गोळा सुरू. पाणलोट क्षेत्राची व्याख्या पोरांना घडाघडा पाठ, पण शाळेमागून काय वाहतं असं विचारलं तर अख्खा वर्ग एका सुरात, "गटाऽऽर!"

तो आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून येतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी याच पाण्यावर कात्रजला तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळातून पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, म्हणजे ज्याला आपण गटार म्हणतोय त्याचं पाणी एकेकाळी पुणं प्यायलंय. हे सांगितल्यावर पोरांनी जे तोंड केलं ना, बघण्यासारखं होतं.

पुढच्या शनिवारी लॅपटॉप घरीच ठेवला. सगळ्यांची दप्तरं मैदानात रचली आणि त्यावर आमच्या गच्चीतली निळी ताडपत्री टाकली. उंच ढीग म्हणजे कात्रज, एका बाजूची छोटी दप्तरं म्हणजे पर्वती-तळजाई, मधली घळ म्हणजे ओढा. झारीने कुठेही पाणी ओता, फिरून फिरून ते त्याच घळीत येतंय, "मॅडम कुठूनपण टाकलं तरी इथंच येतंय!" आणि मी म्हटलं झालं, हेच तुमचं पाणलोट क्षेत्र, आता व्याख्या विसरलात तरी चालेल.

मग डोंगरावर चिमूटभर गुलाल टाकायला सांगितला, एका पठ्ठ्याने अर्धी पुडी उपडी केली, खालपर्यंत सगळं लाल, आणि एका दप्तराची चेन उघडी होती त्यामुळे डब्यातले पोहे गुलाबी. संध्याकाळी त्या दप्तरवाल्याच्या आईचा फोन आला, रागावल्या नव्हत्या तशा, पण फारशा हसतही नव्हत्या.

कंपास पेट्या मात्र मी सुचवल्याच नव्हत्या. पोरांनी आपणहून त्या घळीत मांडल्या, बिल्डिंगी म्हणून, आणि परत पाणी सोडलं तर ते तुंबून दोन्हीकडून वर चढलं. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे असंच झालं होतं, आई सांगते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, याच ओढ्याला पूर आला होता. तेव्हा ही पोरं बालवाडीच्या वयाची असतील. डोंगर उभा, खाली काळा खडक, पाणी मुरायला जागा कमी, त्यात ओढ्याचं पात्र आवळलेलं, हे सगळं मी नंतर सांगितलं पण खरं तर कंपास पेट्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

मागच्या आठवड्यात फळ्यावर पुढचा रस्ता काढला. ओढा मुठेत, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनी धरणात, आणि तिथून पंढरपूर, जिथे तिलाच चंद्रभागा म्हणतात. एकाची आजी दरवर्षी वारीला जाते. तो बराच वेळ फळ्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे आजी तिथं आपल्याच ओढ्याच्या पाण्यात अंघोळ करते?" मी उजनी, गाळ बसतो, वाटेत बाकीच्या नद्या मिळतात असं काहीतरी पुटपुटले, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

या शनिवारी होमवर्क म्हणून आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं ते शोधून आणायचं होतं. तोच पोरगा वहीत नकाशा काढून आला: मोरी, पाइप, बोळातलं चेंबर, तिथून दुसरा पाइप आणि थेट ओढा. शेवटच्या पाइपाखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या. मग विचारतो कसा, "मॅडम, तुमच्या सोसायटीचं कुठं जातं?"

आमच्याकडे सांडपाण्याचा प्लँट आहे. तो चालू असतो का, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. पुढच्या शनिवारी सांगते म्हटलंय त्याला.