'वालांग साहोग पो': मनिलात शिकलेलं माझं कामापुरतं फिलिपिनो

२०२२ साली कंपनीने मला मनिलाला पाठवलं, तेव्हा जो तो एकच सांगत होता, तिथे इंग्रजीवर भागतं. ते खरंच आहे. मकातीतल्या ऑफिसात, बँकेत, मॉलमध्ये फिलिपिनोचा एक शब्द न बोलता वर्षानुवर्षं राहता येतं आणि बरेच परदेशी तसेच राहतात. इंग्रजी तिथली सरकारी भाषाही आहे. माझं अडलं ते जेवणापाशी. आमचं घर निफाड तालुक्यातलं, माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही.

ऑफिसजवळ खानावळी भरपूर. काचेमागे पातेली मांडलेली असतात, आपण बोटाने दाखवायचं आणि त्यांनी वाढायचं. 'तुरो' म्हणजे बोट दाखवणं, म्हणून अशा खानावळीला 'तुरो-तुरो'च म्हणतात. इंग्रजीत विचारलं, "भाजीच आहे ना?" तर उत्तर "येस मॅम." पानात मात्र भाजीबरोबर डुकराच्या मांसाचे चार तुकडे नाहीतर सुकी कोळंबी. यात कुणी खोटं बोलत नसतं. त्यांच्या लेखी ती भाजीच असते आणि हे तुकडे म्हणजे चवीपुरता घातलेला 'साहोग'. शिवाय 'कार्ने' म्हणजे मुख्यतः डुकराचं नाहीतर गुरांचं मांस. कोंबडी म्हणजे 'मानोक', मासा म्हणजे 'इस्दा', ती खाती वेगळी. त्यामुळे 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही. 'कुमुस्ता' म्हणजे 'कसं काय' आणि 'सालामात' म्हणजे 'धन्यवाद', यांच्या पाठोपाठ मी जे पाठ केलं ते हे: "वालांग साहोग पो? वालांग बागोओंग? वालांग पातिस?" 'वालांग' म्हणजे 'नाही ना, शिवाय', बागोओंग म्हणजे कोळंबी किंवा मासळी खारवून, आंबवून केलेला लगदा आणि पातिस म्हणजे माशाचं खारट पाणी. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. पिनाकबेत नावाच्या भाजीत भोपळा, वांगं, भेंडी, कारलं, चवळीच्या शेंगा असं सगळं आपल्या ओळखीचं असतं आणि ती शिजते बागोओंगमध्ये. मुगाचं कढण 'मोंगो' शुक्रवारी बहुतेक ठिकाणी असतं, वर शेवग्याचा पाला. हा पाला, म्हणजे 'मालुंगाय', तिथे घरोघरी खातात. त्या कढणावर डुकराच्या कातडीचं तळलेलं कुरकुरीत पेरायच्या आधी 'वालांग साहोग' म्हणायचं, एवढं भान ठेवावं लागतं.

शेवटी घरीच रांधायचं ठरवलं आणि ग्वादालुपेच्या मंडईत जायला लागले. खरी शाळा तीच. एका सहकाऱ्याने आकडे शिकवले होते: इसा, दालावा, तात्लो, आपात, लिमा. मंडईत "माग्कानो पो?" म्हणजे 'कितीला' असं विचारलं की उत्तर यायचं "बेंते", "सिंक्वेंता", "ओतचेंता", म्हणजे वीस, पन्नास, ऐंशी. वस्तू मोजायला त्यांचे स्वतःचे आकडे, पैसे आणि घड्याळाला बहुतेक वेळा स्पॅनिश. स्पेनचं राज्य १५६५पासून १८९८पर्यंत होतं, ते व्यवहारात असं मुरलंय. मला ते जड गेलं नाही, कारण पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर तेच केलंय. आपला साबण तिथे 'साबोन', बादली 'बाल्दे', बटाटा 'पातातास', तंबाखू 'ताबाको'. वहीत असे शब्द सापडले की मी पुढे नुसती बरोबरची खूण करायचे, अर्थ लिहायची गरजच नसायची.

वही देवनागरीत ठेवली होती आणि अर्थ मराठीत. इंग्रजी मध्ये येऊ द्यायचं नाही, हा नियम मी हट्टाने पाळला आणि आता वाटतं, निम्मं काम त्यानेच केलं. 'तायो' आणि 'कामी' या दोन्हींसमोर इंग्रजी पुस्तकात एकच शब्द असतो आणि मग त्यातला फरक सांगणारा मोठा परिच्छेद. मी लिहिलं: तायो = आपण, कामी = आम्ही. विषय संपला. दुपारी डबा उघडणारा प्रत्येक जण आजूबाजूला बघून "काइन तायो" म्हणतो, म्हणजे 'या, आपण जेवू'. आपल्याकडच्या 'या जेवायला'सारखंच ते. खरोखर पुढे येऊन बसायचं नसतं, 'सिगे, सालामात' म्हणजे 'हो, चालू द्या, धन्यवाद' म्हणायचं. 'कानिना' म्हणजे मघाशी. 'मामाया' म्हणजे आजच, पण थोड्या वेळाने. प्रश्नाला जोडायचा 'बा' हा आपल्या 'का'चं काम करतो. आणि शब्द आठवेना की तिथली माणसं 'आनो... आनो' करतात, आपण 'ते हे... ते' करतो तसं. हे मी न शिकवता उचललं.

ङ सुद्धा असाच उपयोगी पडला. शाळेत क ख ग घ म्हणताना शेवटी तोंडी लावण्यापुरता तो यायचा, पुढे वाङ्मयाच्या तासाला एकदोनदा, बस. फिलिपिनोत शब्दच त्याने सुरू होतात. 'ङायोन' म्हणजे आत्ता, 'ङिपिन' म्हणजे दात. ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाला ते काही केल्या जमत नव्हतं, तो 'नगायोन' म्हणायचा. माझी जीभ पहिल्या दिवसापासून तयार होती.

देवनागरी कमी पडली ती आघातापाशी. 'बासा'त आघात पहिल्या अक्षरावर असेल तर वाचणं, दुसऱ्यावर असेल तर ओलं. 'पुनो' म्हणजे झाड किंवा भरलेलं. 'बुकास' म्हणजे उद्या किंवा उघडं, आणि दुकानाच्या दारात उभं राहून हा शब्द ऐकला की दोन्ही अर्थ लागू पडतात. माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक 'बाका', कारण एका आघाताने ती गाय होते आणि दुसऱ्याने 'कदाचित'. मी आघाताच्या अक्षराखाली लाल रेघ ओढू लागले. छापील मजकुरात या खुणा नसतातच, त्यामुळे ऐकून लिहिणं हाच मार्ग उरतो.

आदर 'पो'मध्ये असतो. वाक्यात तो घातला की सगळं मऊ होतं. हो म्हणजे 'ओओ', पण मोठ्यांना 'ओपो'. नकाराला मात्र 'हिंदी' म्हणतात, आणि "तू हिंदी बोलतेस का?" या प्रश्नाला "हिंदी" असं उत्तर देऊन मी एकदा चांगलाच हशा मिळवला. रखवालदार, चालक, वाढपी सगळे 'कुया' म्हणजे दादा आणि भाजीवाली 'आते' म्हणजे ताई. जीपनीत, म्हणजे तिथल्या जीपसारख्या लांबट प्रवासी गाडीत बसलं की पैसे शेजाऱ्याच्या हातात देत "बायाद पो" म्हणायचं, ते हातोहात चालकापर्यंत जातात आणि उरलेली 'सुक्ली' त्याच वाटेने परत येते. उतरायचं तर "पारा पो". हे दोन शब्द आवाज चढवून म्हणायचा मला आधी संकोच वाटायचा, पण पुटपुटलं तर पुढच्या चौकातून चालत मागे यावं लागतं.

मंडईत मी ज्या आतेकडे जायचे तिची 'सुकी' झाले. नेहमीचं गिऱ्हाईक ते सुकी आणि नेहमीचा दुकानदारही सुकीच. मग "मय तावाद पो बा?" असं भीतभीत विचारावं लागत नाही, तीच भावात थोडं सोडते. मोठ्या कांद्याला तिथे 'सिबुयास बोंबाय' म्हणतात. भारतीय माणसालाही 'बुंबाय'च म्हणतात, मग तो पंजाबी असो की सिंधी. गल्लोगल्ली मोटारसायकलवरून फिरून पाच देऊन सहा वसूल करणारे सावकार बहुतेक पंजाबी, त्यामुळे या शब्दाला थोडा वासही आहे. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ मध्ये या कांद्याने तिथे किलोला सहाशे-सातशे पेसो गाठले, म्हणजे आपले नऊशे-हजार रुपये. मटणाहून महाग. लोक एकेक कांदा विकत घेत होते. आणि इकडे फेब्रुवारीच्या अखेरीस लासलगावला भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. घरून फोन आला त्या शनिवारी मला हे आतेला सांगायचंच होतं. वहीतले सगळे शब्द गोळा करून म्हटलं, "मागसासाका आंग तातय को. माहाल दितो, मुरा दोओन." माझे वडील शेतकरी आहेत, इथे महाग, तिथे स्वस्त. ती कांदा हातात धरून थांबली आणि म्हणाली, "सायांग!" हळहळ आणि वाया जाणं, दोन्ही त्यात आलं. भाव-पैशापलीकडचं फिलिपिनोत माझं पहिलं बोलणं ते.

क्रियापदं अजून पक्की नाहीत. 'काइन' म्हणजे खाणं. पोटात 'उम' घुसवला की 'कुमाइन', खाल्लं. 'कुमाकाइन', खातोय. 'काकाइन', खाणार. पहिलं अक्षर दुणावलं की काम अजून व्हायचं आहे किंवा चालू आहे, एवढा धागा हाती आहे. लिफ्टपाशी "बाबाबा बा?" असं कुणी विचारतं आणि आतून "बाबाबा" असं उत्तर येतं, म्हणजे 'खाली जाणार का?' 'जाणार.' हा तिथला जुना विनोद आहे, पण व्याकरण त्यात सगळं आहे. कर्त्याऐवजी खाल्लेल्या वस्तूवर भर द्यायचा तर 'कुमाइन'चं 'किनाइन' होतं. 'मी भाकरी खाल्ली'मध्ये आपलंही क्रियापद मला सोडून भाकरीच्या मागे जातंच, म्हणून मी त्याला घाबरले नाही. पण बोलण्याच्या भरात योग्य रूप तोंडात यायला अजून वेळ लागतो आणि कॉफीच्या टेबलावर इंग्रजी-फिलिपिनो मिसळून चाललेल्या गप्पांतलं निम्मंच हाती लागतं.

मध्यंतरी कामासाठी सेबूला गेले, तर तिथली रोजची बोली सेबुआनो. 'माग्कानो'चं तिथे 'तागपिला' होतं, 'पो' तर त्यांच्या बोलीत नाहीच. मनिलात 'लांगगाम' म्हणजे मुंगी, सेबूत पक्षी. मनिलाचं फिलिपिनो सगळ्यांना कळतं, उत्तर मात्र बऱ्याचदा इंग्रजीत येतं. तिथल्या बाजारात कांदे घेताना मी "तागपिला?" म्हणून पाहिलं, बाईने हसून भाव सांगितला, आणि तो स्पॅनिश आकड्यांतच होता.