गाडीतला १२ व्होल्टचा फ्रीज घरच्या लाईटवर: माझा अनुभव

आमचा खव्याचा धंदा आहे, खानापूरकडच्या गावातनं खवा घेऊन बेळगावात कुंदा (खव्याची मिठाई) करणाऱ्यांना पोचवतो. गाडीत १२ व्होल्टचा कंप्रेसरवाला छोटा फ्रीज आहे, दिवसा मस्त चालतो. प्रश्न रात्रीचा, गाडी बंद करून चालू ठेवला तर सकाळी बॅटरी डाऊन. म्हणून रात्री तो घरात आणून घरच्या २३० व्होल्टच्या लाईटवर चालवायचा होता, त्यासाठी २३० चं १२ व्होल्ट करणारा अडॅप्टर घ्यायला गेलो. एवढंच काम, पण एका दुकानात जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायलोय.

फ्रीजवर ६० वॅट लिहिलंय. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर. पण कंप्रेसर उठताना क्षणभर त्याहून जास्त करंट ओढतोय, आणि नेमकं हेच त्या काउंटरवर कोण ऐकूनच घेईना. "१२ व्होल्ट हाय न्हवं? मग चालतंय की ओ, घेऊन जावा." अडॅप्टरवर ५ अँपिअर छापलेलं. घरी लावला, डिस्प्ले आला, कंप्रेसर उठायला गेला की सगळं बंद, परत चालू, परत बंद. दुकानात सांगितलं तर म्हणे तुमचा फ्रीजच खराब. अहो तोच फ्रीज गाडीत दिवसभर चालतोय! बदलून दिलेला पण तसलाच, आणि मग मालक जेवायला गेलेत, उद्या या, माल हुबळीहून यायचाय. शेवटी फ्रीज आणि मल्टीमीटर घेऊनच गेलो आणि काउंटरवर लावून दाखवलं, अडॅप्टर मोकळा असताना १२ व्होल्टच्या वर, कंप्रेसर उठला की ९ च्या आसपास. म्हणजे कंप्रेसर उठायला तो अडॅप्टर पुरतच नव्हता! तेव्हा कुठं पैसे परत मिळाले, ते पण कुरकुरत. बाहेर पडताना लई बरं वाटलं.

पुढचं पटकन झालं. एलईडी बोर्ड करणाऱ्यांकडं जाळीच्या पत्र्याच्या खोक्यातला एसएमपीएस (२३० चं १२ व्होल्ट डीसी करणारा पॉवर सप्लाय) मिळतो, १२ व्होल्ट १५ अँपिअरचा घेतला, लागतंय त्याच्या दुप्पट-तिप्पट असलेला बरा. त्याचे २३० चे स्क्रू उघडेच असतात, त्यामुळं वायरमनकडनंच बसवून घ्या, अर्थिंग जोडायलाच लावा आणि हवा खेळेल अशा डब्यात ठेवा. फ्रीजची गाडीतली पिन बसायला सिगारेट लायटरचं सॉकेट लावायचं, त्याला मधली पिन प्लस, कड मायनस. प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज.

हां, एक राहिलं, काही एसएमपीएसला बाजूला ११५/२३० चा बारका स्विच असतो, लाईट द्यायच्या आधी तो २३० वरच आहे ना बघा, ११५ वर राहिला तर खोका उडाला म्हणून समजा.

वायर पण बारीक नको. १ स्क्वेअर एमएमची २ मीटर वायर लावली तरी जाऊन-येऊन ५ अँपिअरला पाव व्होल्टाच्या वर व्होल्टेज वायरीतच पडतंय. मी २.५ ची टाकली. एसएमपीएसवर व्होल्टेजचा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून १३.५ केलं, गाडी चालू असताना तिथं पण १४ च्या आसपास असतंच की, त्यामुळं फ्रीजला काही होत नाही. बॅटरीचा साधा चार्जर लावा म्हणून कोण सांगितलं तर ऐकू नका, त्याचं व्होल्टेज स्थिर नसतंय.

पावसात आमच्याकडं लाईट जाते. घरी एकाच १२ व्होल्ट बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर फ्रीज फ्यूज टाकून थेट त्या बॅटरीवर पण चालतो. दोन बॅटरींचा २४ व्होल्टचा असेल तर त्यातल्या एकीवरनं मात्र घेऊ नका, ती एकटीच उतरते आणि जोडी बिघडते.