महिन्याने देणार कोण?

माझ्या संशोधनात एक प्रश्न मी लोकांना सारखा विचारते: आज पाचशे रुपये घ्याल, की महिन्याने सातशे? थांबावं लागणार म्हटलं की बक्षिसाची किंमत मनातल्या मनात घसरते, ती अशा प्रश्नांवरून मोजतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स मझूर यांनी १९८७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून त्याचं सूत्र मांडलं. घसरण आधी झपाट्याने होते, मग मंदावते. म्हणून तर हातातली तंबाखूची चिमूट भारी पडते आणि दहा वर्षांनंतरचा तोंडाचा कॅन्सर खिजगणतीतही नसतो.

धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी पाचशेच निवडले. पुढे रक्कम वाढवली तरी पाचशेच. तक्त्याच्या हिशोबात त्या पक्क्या उतावळ्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ताई, महिन्यानं तुम्ही इथं असणार का? भिशीत माझे बुडालेत." आणि याच मावशी पोस्टात दरमहा आरडी भरतात, पाच वर्षांची! पोस्ट पैसे देतं हे त्यांना माहीत आहे.

तेव्हापासून 'उतावळा' हा शेरा मी जपून मारते. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मानसशास्त्रज्ञ सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हेच लहान मुलांत दाखवलं. आधी चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो म्हणून सांगितलं. काहींना दिलं, काहींना नाही. मग मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, समोर ठेवला आणि न खाता थांबलात तर आणखी एक मिळेल असं सांगितलं. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेली तीन.

आपण मात्र दवाखान्याच्या भिंतीवर 'संयम ठेवा' लिहून मोकळे होतो. उदयपूर जिल्ह्यातल्या गावांत लसीकरणाची शिबिरं ठरल्या दिवशी भरवली, तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं अठरा टक्के निघाली; अशी शिबिरं नसलेल्या गावांत सहाच टक्के. प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि शेवटी थाळ्या दिल्या, तिथे एकोणचाळीस टक्के. लसीचा फायदा दिसत नाही, डाळ त्याच दिवशी घरी जाते.

क्षयरोगात तर हे फारच महत्त्वाचं. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, पण गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेऐवजी दरमहा हजार रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. आता ते ठरल्या वेळीच रुग्णाच्या खात्यात पडले पाहिजेत.