उन्हाळी भाजी, पातेरा आणि लव्हाळा : माझा अनुभव

गुहागर साइडला आमचं घर, मागच्या परसात जांभ्याची लाल माती. पावसाळ्यात नुसता कोसळत असतो, पण मार्च लागला की तीच माती कडक होते, विहीर खाली जाते आणि वांगी-मिरची सकाळी शिंपली तरी दुपारी माना टाकतात, म्हणून यंदा ठरवलं की पातेऱ्याने, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पानांनी, वाफे झाकायचेच.

पण आधी लव्हाळा, ते गाठींवरून फुटणारं चिवट तण! हे कळकळीने सांगते, लव्हाळा असेल तर नुसतं झाकून काहीच होत नाही, त्याची टोकदार पात पाचोळ्यातून तर येतेच, प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरलासुद्धा भोक पाडून वर येते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वरनं उपटलंस तर परत येणारच गो, खालची गाठ काढ." मग वाफ्यांना पाणी मारलं, माती मऊ झाली तसं कुदळीने वीतभर खणलं आणि हाताने ढेकळं फोडत बसले. बारीक काळ्या दोऱ्यात मणी ओवल्यासारख्या गाठी असतात, एक सापडली की दोरा धरून हळूहळू ओढायचं म्हणजे पुढची मिळते, आणि दोरा तुटला की समजायचं आत अजून एक आहे. गाठ चुरडली की उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास येतो, हा त्याच घरातला. काढलेल्या गाठी खतात अजिबात टाकायच्या नाहीत, कातळावर कडक उन्हात सुकू द्यायच्या.

मग पातेरा. पेंढा गुरांना लागतो, आणि पातेरा सगळे भाजावळीला, म्हणजे पावसाआधी शेतजमीन भाजायला, जाळतात, पण आंबा-काजूखाली तो ढीगभर पडलेला असतो. गोळा करताना खराटा नाहीतर काठी वापरा, हात घालू नका, आमच्याकडे त्यात फुरसं हा विषारी साप असतो, विंचू असतो. आंब्याचं पान कडक, एकावर एक बसलं की पाणी वरूनच घरंगळतं, म्हणून गोणीत भरून पायाने चांगलं तुडवलं आणि मग तीनचार इंच पसरलं. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर बुंधा कुजतो. दुपारचा खारा वारा सुटला की सगळं उडतं, त्यावर नारळाच्या झावळ्या आडव्या टाकल्या. लाल माठाचा वाफा मात्र उघडाच ठेवला, बी बारीक असतं, झाकलं तर वर यायचंच नाही, तिथे निंदणीच करायची.

आता पाचोळा बाजूला करून बोट घातलं तर भर दुपारी पण माती ओलसर लागते. रोजचं शिंपणं दिवसाआड झालं. बाकीचं बारीक तण जवळजवळ नाहीच, लव्हाळ्याची एखादी पात दिसते ती दिसल्या दिवशी गाठीसकट काढते, चार पानांची होऊ द्यायची नाही कारण तेवढ्यात ती खाली नवीन गाठी धरायला लागते. वाळवीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं, सुकलेल्या झावळ्यांखाली ती हमखास येते, अधूनमधून उचलून बघते.

मिरग जवळ आला की झावळ्या काढून टाकणार आणि उरलेला पाला मातीत मिसळणार, पावसात एवढा जाड थर ठेवला तर खाली गोगलगायी होतात आणि त्या कोवळी रोपं खाऊन टाकतात.