थर्टी फर्स्टची रात्र, राधानगरीजवळच्या शेतावर

डिसेंबर लागला की आमच्या दारू सोडलेल्यांच्या गटात दुसरा विषय नसतो. थर्टी फर्स्ट कसा काढायचा? दारू सोडलेल्या माणसाला दिवाळी निभावता येते, कारण घर भरलेलं असतं. गटारीला कुणीतरी सोबतीला असतं. पण ३१ डिसेंबरला सगळं कोल्हापूर रस्त्यावर असतं, गल्लीतली पोरं मळ्यात मटण घालायला निघालेली असतात आणि दर तासाला एखादा जुना दोस्त फोन करतो, 'येतोयस नव्हं?' २०२२ साली ३१ तारीख शनिवारी आली. तेव्हा गटातल्या जुन्या सदस्यांनी ठरवलं की घरात कोंडून घ्यायचं नाही, आपणच मुक्कामाला जायचं, कॅम्प करायचा.

मी शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांची संघटना, तिच्या मीटिंगला जातो. दारू सुटल्यावर कामाची घडी बसली, घरात बोलणं सुरू झालं. नदीकाठी मटण करून खायला जमणारं आमचं रस्सा मंडळ मात्र सुटलं. दोस्त चांगले होते, अजून आहेत. पण नदीकाठी चूल पेटली, कांदा-लसूण चटणीचा वास सुटला की पुढचं पाऊल कुठं पडणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी मटण खायलासुद्धा बाहेर जाईना झालो. कॅम्पच्या यादीत नाव घालताना माझ्या पोटात गोळा आला होता तो याच कारणानं.

जागा राधानगरीच्या अलीकडे, भोगावतीच्या खोऱ्यात, एका सदस्याच्या पाहुण्यांच्या शेतावर ठरली. पाहुण्यांनी भाडं नको म्हटलं, वर 'बोकड माझ्याकडून' असंही म्हणाले. आमच्या खजिनदारांनी हात जोडून नकार दिला. गटाचा खर्च सदस्यांनीच करायचा, बाहेरून देणगी घ्यायची नाही, ही आमच्या संघटनेच्या परंपरांमधली, म्हणजे ठरलेल्या तत्त्वांमधली, सातवी आहे. पाहुण्यांना ते जरा लागलं, पण शेवटी त्यांनी पैसे घेतले.

जायच्या आधी प्रत्येकाशी फोनवर बोलणं झालं. ज्यांनी नुकतीच दारू थांबवली होती त्यांना नेलं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, काहींना भास होतात. त्या माणसाची जागा दवाखान्यात असते, डोंगरात नव्हे. गोळ्या चालू असणाऱ्यांनी चिठ्ठीसकट गोळ्या आणायच्या होत्या. फोटो काढायचे नाहीत, स्टेटस ठेवायचं नाही. आणि शेतावर पोचल्यावर गाड्यांच्या किल्ल्या एका डब्यात. डबा आबांच्या ताब्यात. आबा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, माझे स्पॉन्सर, म्हणजे दारूपासून लांब राहायला हात धरून वाट दाखवणारे जुने सदस्य, तेही तेच.

मटण करायचं की नाही यावरून आधी वाद झाला होता. काहींचं म्हणणं, वासानंच तलफ येईल, पिठलं-भाकरी करूया. आबा म्हणाले, 'मटणानं आपलं काय घोडं मारलंय? दारूनं आपल्याकडून लई काय काय नेलंय. हेबी तिलाच देऊन टाकायचं?' मटण ठरलं. मात्र शेंगदाणे, फरसाण, कागदी ग्लास यांतलं काही आणायचं नाही हेही ठरलं, आणि हे शहाणपण अनुभवातून आलेलं होतं.

दुपारी तंबू ठोकले, थोडे लोक धरणाकडे जाऊन आले. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, त्याच्या आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांची कथा प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ असते, तरी पुन्हा ऐकली. दिवस काही जड गेला नाही. जड असते ती संध्याकाळ.

सूर्य डोंगरामागे गेला आणि चूल पेटली. मला लसूण सोलायला बसवलं होतं. पातेल्यात मटण शिजत होतं. पांढऱ्या रश्शासाठी अळणी पाणी बाजूला काढलं, खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस वाटून तयार होतं. तांबड्याची फोडणी पडली तेव्हा तोंडाला पाणी सुटलं, आणि लगेच ती दुसरी ओढही आली. घसा कोरडा, तळहात ओले, लक्ष सगळं रस्त्याकडे. शेजारी बसलेल्याला मी सांगितलं, 'मला आत्ता प्यावंसं वाटतंय.' त्यानं सोलायची एक गड्डी माझ्याकडून घेतली आणि म्हणाला, 'मलाबी. बोलत रहा.' आम्ही बोलत राहिलो. कशावर ते आता आठवत नाही, बहुतेक उसाच्या दरावर. तलफ चढते तशी उतरतेही, हे मीटिंगमध्ये शंभरदा ऐकलं होतं. त्या चुलीपाशी ते मला अंगानं कळलं. पोटात अन्न नसेल, राग असेल, एकटेपणा असेल किंवा शीण असेल तर ती जोर करते, म्हणून आबांनी साडेसातलाच सगळ्यांच्या हातात गरम पांढऱ्या रश्शाच्या वाट्या दिल्या.

जेवणानंतर शेकोटीभोवती मीटिंग झाली. प्रत्येकानं आपल्यापुरतं बोलायचं, मध्ये कुणी सल्ला द्यायचा नाही. एका बँकेतल्या साहेबांनी मुलीच्या बारशाची गोष्ट सांगितली, ती मी इथं लिहिणार नाही. तिथलं बोलणं तिथंच राहतं.

बाराच्या सुमाराला लांबच्या कुठल्यातरी रिसॉर्टवरून फटाके आणि डीजे सुरू झाला. इचलकरंजीचा एक पोरगा, यंत्रमागावर काम करणारा, उठून आबांपाशी गेला.

'आबा, किल्ली द्या. मी जातो घरला.'

'जा की,' आबा म्हणाले. 'तुझीच गाडी हाय. पर आधी हे पातेलं घासू लाग.'

राख, नारळाची शेंडी आणि बॅटरीच्या उजेडात दोघं ते भलंमोठं पातेलं घासत बसले. घासता घासता आबांनी त्याला १९३५ सालची हकीकत सांगितली. अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या शहरात एक शेअर दलाल कामाला गेला होता. काम फसलं, हॉटेलात एकटा, आणि समोर बार. त्यानं बारमध्ये जायच्या ऐवजी फोन फिरवले, माझ्यासारखाच एखादा पिणारा गाठून द्या म्हणून. त्याला एक डॉक्टर भेटला, तोही पक्का दारुडा. दोघं तासन्‌तास बोलत बसले. आपल्या सगळ्या मीटिंगा तिथून निघाल्या. 'त्यालाबी त्या रातीला एकट्याला जमलं नसतं,' आबा म्हणाले. पातेलं लख्ख झालं तेव्हा डीजे चालूच होता, पण पोरानं किल्ली परत मागितली नाही.

सकाळी जवळच्या गुऱ्हाळावर गेलो. हंगाम जोरात होता, काहिलीतली गरम काकवी भाकरीवर घेऊन खाल्ली. नवीन वर्षाच्या सकाळी डोकं दुखत नाही, रात्री काय बोललो ते आठवतं, बायकोला फोन करायला लाज वाटत नाही. मी तिला फोन केला. ती बराच वेळ बोलली.

कुणी विचारलं तर मी सांगतो, अशा कॅम्पला जरूर जा, पण परत येण्याची आखणी आधी करा. दोन दिवस माणसांत, मोकळ्या हवेत काढून घरी आलं की एकदम रिकामं वाटतं, आणि 'आता मला काही होत नाही' हा भ्रमही तेव्हाच होतो. घसरणारे बरेच जण अशा चांगल्या दिवसानंतरच घसरलेले मी पाहिलेत. आम्ही रविवारी गाड्या कोल्हापुरात आणल्या त्या थेट मीटिंगच्या जागेवर. पिशव्या बाहेर ठेवल्या, आत जाऊन बसलो, आणि जे कॅम्पला येऊ शकले नव्हते त्यांचा थर्टी फर्स्ट कसा गेला ते ऐकलं.