पडद्यावरचा आकडा कोसळला तेव्हा

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण (स्कोप) घालून, एक्स-रेवर बघत पित्तनलिकेवर उपचार करणं. त्या खोलीत भूलतज्ज्ञाची जरा पंचाईतच असते. दिवे मंद, अंगावर शिशाचा एप्रन, रुग्ण पालथा आणि त्याच्या तोंडाचा ताबा एंडोस्कोपीवाल्यांकडे. त्या दिवशी टेबलावर साठीच्या काकू होत्या. पित्तनलिकेत खडे, कावीळ, ताप. आधी एकदा नलिकेचं तोंड कापून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घातलेला. श्वासनलिकेत ट्यूब टाकून मी पूर्ण भूल दिली होती.

बलूनने खडे ओढणं चालू असताना उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफचा आलेख एकदम बसला. ३४ चा आकडा बघता बघता १२ वर. ट्यूब सरकली म्हणावं, तर छाती दोन्हीकडे नीट हलत होती. तोवर ऑक्सिजनही उतरला, वरचं बीपी साठावर. हा आकडा असा कोसळतो, तेव्हा फुप्फुसात हवा जात असते, पण रक्त पोचत नसतं. रक्ताची गुठळी की हवा? आतडं फुगवायला स्कोपमधून दाबाने हवा सोडतात. सुजलेल्या, कापलेल्या जागी एखादी शीर उघडी असली की ती हवा यकृतामार्गे थेट हृदयात.

“सर, हवा बंद करा, स्कोप काढा!”

स्कोप चालवणाऱ्या सरांनी “का?” विचारलं नाही. आत साठलेली हवा ओढून घेत त्यांनी स्कोप बाहेर काढला. काकूंना डाव्या कुशीवर घेतलं, डोकं खाली केलं. १९४७ पासून ड्युरँट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही स्थिती. हवा हृदयाच्या उजव्या कप्प्यातच अडकावी, फुप्फुसाच्या वाटेत बूच बसू नये म्हणून. शंभर टक्के ऑक्सिजन, सलाइन, बीपी वाढवायला नॉरॲड्रेनॅलिन. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवे कप्पे बुडबुड्यांनी भरलेले दिसले.

आकडा हळूहळू वर आला, तरी माझा जीव काकूंच्या मेंदूच्या काळजीत अडकला होता. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनची फट उरलेली असते. तिथून बुडबुडा डावीकडे आणि पुढे मेंदूत गेला की अर्धांगवायूची भीती. संध्याकाळी आयसीयूत ट्यूब काढल्यावर काकूंनी दोन्ही हात हलवले आणि घशातल्या घशात विचारलं, “खडा निघाला का हो?”

नव्हता निघाला. तो पुढे काढला, साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून. रक्तात तो हवेच्या कितीतरी पट विरघळतो, त्यामुळे बुडबुडा लवकर जिरतो. धोका शून्य होत नाही, म्हणून त्याही वेळी मी कॅप्नोग्राफसमोरून हलले नाही.